प्रवासासाठी बंद हेडफोन : घेण्यापूर्वी कोणता हिशेब करावा?

कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक थान उलगडायला लावते, कापड बोटांत धरून पोत पाहते, पन्हा विचारते, रंग पक्का आहे का याची खात्री करून घेते आणि मगच भावाची बोलणी सुरू करते. तेच गिऱ्हाईक पुढच्या दुकानात पाच-दहा हजारांचा हेडफोन घेताना मात्र खोक्यावरचे चित्र आणि कंपनीचे नाव पाहून पैसे मोजते. माल पारखण्याची सवय असलेला माणूसही येथे गफलत करतो, कारण काय पाहायचे हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. लोकल, एस.टी. किंवा रेल्वेच्या लांब प्रवासात गाणी ऐकण्यासाठी हेडफोन घेणाऱ्या वाचकांना हा हिशेब उपयोगी पडावा म्हणून ही माहिती देत आहोत.

बंद आणि उघडे

कानावर बसणाऱ्या हेडफोनचे दोन मुख्य प्रकार आहेत. दोन्हींत कानाजवळ एक पातळ पडदा असतो. तो मागेपुढे हलतो आणि त्यातून आवाज निर्माण होतो. पडदा हलला की आवाज कानाकडे जातो तसा मागच्या बाजूलाही जातो. मागची बाजू जाळीची ठेवली तर हेडफोन उघडा आणि ती टणक वाटीने झाकली तर बंद.

उघड्या प्रकारात आवाज मोकळा वाटतो आणि कान कमी तापतात. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा उघडा हेडफोन काढला, तेव्हापासून हा प्रकार घरात बसून गाणी ऐकणाऱ्यांच्या पसंतीस उतरला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन बाजारात आला. त्याच्याबरोबरचे हलके, स्पंजाच्या गादीचे हेडफोनही बाहेरचा आवाज अडवणारे नव्हते. शांत खोलीत यात काही बिघडत नाही. गाडीच्या डब्यात मात्र रुळांचा खडखडाट, पंख्यांची घरघर आणि माणसांचे बोलणे सरळ कानात शिरते. गाणे ऐकू यावे म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि शेजारच्यालाही ते गाणे नको असताना ऐकावे लागते.

बंद हेडफोनचे काम येथे सुरू होते. बाहेरचे बाहेर आणि आतले आत ठेवणे, हा त्याचा मूळ गुण. बाकीचे सर्व गुण त्यानंतर येतात.

कानाचा जमाखर्च

हा गुण सर्वांत आधी का पाहावा, ते आकड्यांवरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास आणि ९० डेसिबलला जेमतेम ४ तास, तेही संपूर्ण आठवड्यात.

आता समजा, एखाद्या डब्यात सतत ८० डेसिबल गोंगाट आहे. गाणे नीट ऐकू येण्यासाठी ते गोंगाटाच्या वर ठेवावे लागते. ऐकणारा ते ९० पर्यंत नेतो. रोज येता-जाता दोन तास धरले तर त्याचा आठवड्याचा वाटा दोन दिवसांत संपला. त्याच हेडफोनने बाहेरचा गोंगाट १५ डेसिबलने कमी केला असता तर तेच गाणे ७५ डेसिबलला स्वच्छ ऐकू आले असते आणि कोणतीही मर्यादा ओलांडली गेली नसती. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून चांगला बंद हेडफोन म्हणजे ज्यावर आवाज कमी ठेवूनही गाणे पूर्ण ऐकू येते तो. दुकानदार ‘याचा आवाज बघा किती मोठा आहे’ असे सांगून माल खपवतो, तेव्हा तो उलटी बाजू दाखवत असतो.

‘३२ डेसिबलपर्यंत’ याचा अर्थ

काही कंपन्या बाहेरचा आवाज किती अडतो त्याचा आकडा देतात. सेनहायझरच्या एचडी २८० प्रो या मॉडेलसाठी कंपनी ३२ डेसिबलपर्यंत असा दावा करते. यातील ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वाटी आणि गादी यांनी होणारी अडवणूक बारीक, तीव्र आवाजांना चांगली लागू पडते. भांड्यांचा खणखणाट, ब्रेकची किंकाळी, माणसांची बडबड बरीच दबते. इंजिनाची जाड घरघर मात्र भिंतीतूनही येते तशी वाटीतूनही येते.

या जाड आवाजावर दुसरा इलाज आहे. हेडफोनमधील छोटा माइक बाहेरची घरघर टिपतो आणि आतील यंत्रणा तिच्या अगदी उलट लहर तयार करते. दोन्ही एकमेकींना खातात आणि शांतता वाटते. अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात ही कल्पना सुचली. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये सामान्य प्रवाशांसाठी असे हेडफोन विक्रीस आणले. ही यंत्रणा जाड, सतत चालणाऱ्या आवाजावर उत्तम चालते, पण अचानक होणाऱ्या बारीक आवाजांवर तिचा प्रभाव कमी असतो. ते काम शेवटी वाटी आणि गादीलाच करावे लागते. म्हणून यंत्रणा असली तरी गादी नीट बसणे सुटत नाही.

आपल्या फोनला पेलवेल का?

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, इम्पिडन्स आणि सेन्सिटिव्हिटी. इम्पिडन्स म्हणजे विजेच्या वाटेतील अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. सेन्सिटिव्हिटी म्हणजे एक मिलिवॅट शक्ती दिली असता निघणारा आवाज, डेसिबलमध्ये. एकाच आकड्यावरून निर्णय घेऊ नये. कापडाचा नुसता काउंट सांगून चालत नाही, ताण्या-बाण्यातील धाग्यांची दाटीही लागते, तसेच हे आहे.

फोन किंवा त्याला लावायचा छोटा अडॅप्टर साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतो असे धरून हिशेब करू. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा १९८५ पासूनचा जर्मन हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत निघालेला आहे. तिन्हींची सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल. एक व्होल्टवर ३२ ओहमचा नग सुमारे १११ डेसिबलपर्यंत जातो, ८० ओहमचा १०७ पर्यंत आणि २५० ओहमचा १०२ पर्यंत. अर्ध्या व्होल्टवर प्रत्येकातून ६ डेसिबल वजा करावेत. हे आकडे क्षणिक उच्चांकाचे आहेत. गाण्याची सरासरी त्याच्या १० ते २० डेसिबल खाली असते. म्हणजे २५० ओहमचा नग फोनवर बंद पडणार नाही, पण जुन्या, हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या गजला आणि रागदारीला तो अपुरा पडेल. नाव तेच, रूप तेच, तरी प्रवासासाठी ३२ किंवा ८० ओहमचाच घ्यावा. दुकानात २५० ओहमचा नग सवलतीत मिळत असेल तर ती सवलत आपल्या कामाची नाही.

माहितीचे चार नमुने

आता वायरचे आणखी चार जुने-नवे हेडफोन पाहू. एक सोडून बाकीचे मुळात स्टुडिओतील कामासाठी बनलेले आहेत, पण लोक ते प्रवासातही वापरतात.

सोनी एमडीआर-७५०६ : १९९१ पासूनचा. ६३ ओहम, सेन्सिटिव्हिटी १०६ डेसिबल, म्हणजे कोणत्याही फोनवर सहज चालतो. वजन सुमारे २३० ग्रॅम आणि घडीही होते. आवाज स्पष्ट, पण बारीक बाजूला थोडा तेज. अडचण वायरची. ती गुंडाळीची, ताणल्यास ३ मीटरपर्यंत जाणारी आणि हेडफोनला कायमची जोडलेली आहे. गर्दीत ती दांड्याला किंवा दुसऱ्याच्या बॅगेला अडकते.

ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स : २०१४ चा. ३८ ओहम, ९९ डेसिबल, वायर सोडून २८५ ग्रॅम. वायर काढता येते आणि १.२ मीटरची सरळ वायर बरोबरच मिळते, हा प्रवासात मोठा फायदा. घडी होते. आवाजात जाड आणि बारीक दोन्ही बाजू उठून येतात.

एकेजी के३७१ : २०१९ चा. ३२ ओहम, २५५ ग्रॅम, वायर सुटी, घडी होणारा. याचा आवाज हरमन कंपनीच्या संशोधनावर बेतलेला आहे. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक ऐकणाऱ्यांवर चाचण्या घेऊन लोकांना कोणता समतोल आवडतो ते शोधले होते. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज बहुतेकांना आवडतो, असे त्यात दिसले. चारही नमुन्यांत हा सर्वांत समतोल म्हणता येईल, पण गादी कानाभोवती घट्ट बसली तरच.

सेनहायझर एचडी २५ : १९८० च्या दशकातला. ७० ओहम, पण फोनवर भरपूर आवाज देतो. वजन फक्त १४० ग्रॅम. हा कानाभोवती नाही, कानावर बसतो आणि जोरात दाबून धरतो. म्हणूनच इतक्या लहान वाटीतूनही बाहेरचा आवाज बराच अडतो. याचा जवळपास प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि बदलता येतो. तासाभरानंतर कान दुखतात, ही त्याची किंमत. चष्मा वापरणाऱ्यांनी तो लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

महागाचा आवाज चांगलाच असतो का? जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापे तपासली. आवाजाचा समतोल आणि विक्रीची किंमत यांत त्याला काही संबंध आढळला नाही. किंमत वाढते ती बांधणी, सोयी, बॅटरी, नाव आणि जाहिरात यांमुळे. त्यातील आपल्याला काय हवे ते ठरवूनच पैसे द्यावेत.

वायरचा की बिनवायरचा?

२०१६ साली ॲपलच्या आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक गेले आणि नंतर अनेक फोनमधून गेले. अशा फोनला वायरचा हेडफोन लावण्यासाठी अडॅप्टर लागतो. येथे एक बारीक गोष्ट आहे. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा असतात, आवाज तयार करणारी चिप नसते. ते काही फोनवर चालतात, काहींवर मुकेच राहतात. विकत घेताना ‘डॅक’ चिप असलेला अडॅप्टर मागावा आणि आपल्याच फोनवर लावून पाहावा.

बिनवायरच्या प्रकारात सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ हा २०२० चा नमुना घेऊ. वजन २५४ ग्रॅम, घरघर दाबणारी यंत्रणा चालू ठेवून कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३० तास बॅटरी, घडी होणारा. २०२२ च्या एक्सएम५ मध्ये घडीची सोय गेली आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये ती परत आली. नवीन मॉडेल प्रत्येक बाबतीत पुढेच असते असे नाही, हे यावरून दिसते. बॅगेत जागा कमी असणाऱ्याला घडी हा लहान गुण नव्हे.

बिनवायरच्या मालाचे आयुष्य बॅटरीवर ठरते. लिथियम बॅटरी काही वर्षांनी हळूहळू क्षमता गमावतेच. म्हणून बॅटरी बदलून मिळते का आणि बॅटरी संपल्यावर साधी वायर लावून हेडफोन चालतो का, हे दोन प्रश्न विचारावेत. एक्सएम४ वायरवर चालतो. सर्वच तसे चालत नाहीत.

एक उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, वायरचा जोड १२ हजारांचा आहे, तो आठ वर्षे चालला आणि दोनदा दीड-दीड हजारांच्या गाद्या बदलल्या. एकूण १५ हजार, वर्षाला १,८७५ रुपये. बिनवायरचा २४ हजारांचा आणि चार वर्षांत बॅटरी गेली, तर वर्षाला ६ हजार. रोज दोन तास गोंगाटात प्रवास करणाऱ्याला हा जादा खर्च परवडू शकतो, कारण इंजिनाची घरघर तोच दाबतो. आठवड्यातून एकदा प्रवास करणाऱ्याने मात्र विचार करावा.

गादीचे कापड

हा भाग कापडवाल्याच्या ओळखीचा आहे. बहुतेक बंद हेडफोनच्या गाद्यांवर पी.यू.चे, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप दिलेले कापड असते. दुकानात ते मऊ चामड्यासारखे दिसते. दमट हवा आणि घाम यांनी हा लेप हळूहळू विरघटतो आणि त्याच्या काळ्या खपल्या कानाला, मानेला चिकटू लागतात. कोकणपट्टी आणि मुंबईच्या हवेत हे लवकर होते. न वापरता कपाटात ठेवलेला हेडफोनही यातून सुटत नाही. म्हणून ‘जुना पण न वापरलेला’ माल घेताना गादी बोटाने चोळून पाहावी.

दुसरा प्रकार मखमलीचा. डीटी ७७० प्रोच्या ८० आणि २५० ओहमच्या प्रकारांना मखमली गाद्या येतात, ३२ ओहमला चामडीसारख्या. मखमलीतून हवा खेळते, कान कमी घामेजतात आणि खपल्यांचा प्रश्न येत नाही. बाहेरचा आवाज मात्र ती किंचित जास्त आत सोडते आणि धूळ धरते. गादी कोणतीही असो, ती हाताने काढता येते का आणि तिचा जोड बाजारात मिळतो का, हे आधी विचारावे. गादी चिकटवलेली असेल तर तो हेडफोन गादीच्या आयुष्याएवढाच जगेल.

दुकानात करायची तपासणी

पहिली गोष्ट, आपला चष्मा, टोपी किंवा ओढणी रोज असते तशीच ठेवून हेडफोन लावावा. चष्म्याच्या दांडीने किंवा कापडाच्या घडीने गादीखाली बारीक फट राहिली तरी जाड आवाज गळून जातो आणि बाहेरचा आत येतो. गाणे लावून दोन्ही वाट्या तळहाताने हलकेच दाबाव्यात. दाबल्यावर आवाज एकदम भरदार झाला तर गादी आपल्याला नीट बसत नाही असे समजावे.

दुसरी, दोन हेडफोनची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवावा. थोडा मोठा वाजणारा नग मनाला नेहमी चांगला वाटतो. विक्रेत्याला हे ठाऊक असते.

तिसरी, आपल्या ओळखीचे गाणे लावावे. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा सुटा कळतो की सगळ्यावर पसरतो? कव्वालीतील टाळ्या टाळ्यांसारख्या वाटतात की पत्रा वाजल्यासारख्या? गाणाऱ्याच्या तोंडचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का? हार्मोनियम आणि आवाज वेगवेगळे ऐकू येतात का? एवढ्यावरून पुष्कळ कळते.

चौथी, हेडफोन किमान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावा. दोन मिनिटांत सगळेच मऊ वाटतात.

पाचवी, माल खरा आहे का ते पाहावे. नामवंत हेडफोनची नक्कल सर्रास विकली जाते. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. बिनवायरच्या हेडफोनवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. शंका आली तर सरळ काट्यावर टाकावा. वर दिलेल्या वजनांत मोठी तफावत निघाली तर माल दुसरा आहे. पक्की पावती घ्यावी. पावतीशिवाय मिळणारी सवलत म्हणजे वॉरंटीवर सोडलेले पाणी.

कोणी कोणता घ्यावा?

रोज गर्दीच्या गाडीने जाणाऱ्याने घरघर दाबणारा बिनवायरचा बंद हेडफोन घ्यावा, मात्र तो वायरवरही चालणारा आणि घडी होणारा असावा. कधीमधी लांबचा प्रवास आणि एरवी घरी ऐकणे असेल तर सुट्या वायरचा एम५०एक्स किंवा के३७१ सारखा पुरे. कमी वजन आणि दुरुस्तीची सोय हवी असेल तर एचडी २५, पण कान दाबला जाणे सोसत असेल तरच. उन्हाळ्यात कान फार घामेजतात त्यांनी ८० ओहमचा मखमली डीटी ७७० पाहावा, त्याची ३ मीटरची वायर खिशात मावणार नाही हे लक्षात ठेवून.

आणि एक सूचना कोणत्याही हेडफोनला लागू आहे. जो हेडफोन डब्यातला गोंगाट अडवतो तो मोटारीचा हॉर्न आणि रेल्वेची शिट्टीही अडवतो. गाडीतून उतरताना, रस्ता किंवा रूळ ओलांडताना आणि दुचाकी चालवताना तो डोक्यावरून काढून गळ्यात ठेवावा. मुलांना घेऊन देणाऱ्या पालकांनी हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि फोनमधील आवाजाची मर्यादा स्वतः लावून द्यावी.